गळते तळे आणि मुरते पाणी : भंडारदरा परिसरातील शेततळ्यांच्या दुरुस्तीचा विचार

सह्याद्रीच्या माथ्याला बिलगून असलेल्या भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या टापूत पावसाचे दुर्भिक्ष आहे असे कोणी म्हणणार नाही. घाटघर व रतनवाडी या बाजूस चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांना मात्र पाचशे मिलिमीटरच्या आसपासच वर्ष काढावे लागते. हा पश्चिमेकडचा पाऊस अडवून पूर्वेकडे न्यावा या हेतूने प्रवरेवर भंडारदऱ्यास धरण घालण्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात ते पूर्ण होऊन तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीमागे अकरा अब्ज घनफूट पाणी साठते. असे असूनही धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर वसलेल्या वाड्यांतून फाल्गुन-चैत्रात हंडे घेऊन पाण्यासाठी चालावे लागते, ही गोष्ट त्या भागात फिरलेल्या कोणासही ठाऊक असते. पाऊस पडणे आणि पाणी राहणे या दोन अगदी निराळ्या घटना आहेत, व त्यांमधील अंतर भंडारदऱ्याइतके अन्यत्र क्वचितच उघडे पडत असेल.

या अंतरावर उपाय म्हणून शेततळे खणले जाते. भाद्रपदात ते काठोकाठ भरते; शेतकरी रब्बीचे बेत आखतो; आणि कार्तिकात पाहावे तो तळ्यात ओल तेवढी उरलेली असते. ‘पाणी ठरत नाही’ एवढ्या तीन शब्दांत शेतकरी त्या तळ्याचे निदान सांगून मोकळा होतो. निदान खरे असते, परंतु ते अपुरे असते. कारण पाणी ठरत नाही म्हणजे ते कोठे जाते, आणि ज्या वाटेने जाते ती बंद करावी की नाही, हे त्यातून कळत नाही. दुरुस्तीचा सारा खर्च या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम जमिनीविषयी. हा सर्व प्रदेश लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. ज्यास समुद्रकाठची वाळू म्हणतात ती येथे नाही. पण उतारावरच्या वरकस जमिनींत या पाषाणाचा झिजून झालेला भरड मुरूम असतो, आणि ओढ्यांच्या काठाकाठाने पुराने आणून टाकलेली जाड कणांची वाळसर माती असते. नागली-वरईखेरीज फारसे काही न देणाऱ्या या जमिनीच शेततळ्यासाठी दिल्या जातात, कारण भाताचे खाचर मोडून तळे खणण्यास कोणी धजत नाही व ते योग्यही नाही. परिणाम असा की, जी जमीन पाणी धरण्यास सर्वांत नालायक तीच पाणी साठविण्यासाठी निवडली जाते. हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हे. एकर-दीड एकराच्या धन्याला दुसरी निवड नसते.

आता पाणी जाते कोठे ? मराठी भाषेने या बाबतीत मोठी बारकाईची वाटणी करून ठेवली आहे. मडके गळते, म्हणजे ते एका ठिकाणी फुटलेले किंवा तडकलेले असते आणि पाणी त्या एका वाटेने जाते. भिंतीतून पाणी झिरपते. येथे फट दिसत नाही, सर्वांगातील सूक्ष्म छिद्रांतून ते हळूहळू उतरते. डोंगर पाझरतो, झिरपलेले पाणी दुसऱ्या बाजूस पुन्हा दृष्टीस पडते, म्हणूनच कठोर मनास दया आली असता त्याला पाझर फुटला असे म्हणतात. पाणी जमिनीत मुरते. ते नाहीसे झाल्यासारखे दिसते पण आत राहते, लोणचे मुरते त्याप्रमाणे. आणि पाणी आटते. दूध आटते तसे ते उष्णतेने वर निघून जाते. कारभारात काही गैर घडत असल्याचा संशय आला की ‘कोठे तरी पाणी मुरते आहे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. गळत्या तळ्याचा धनी तो वाक्प्रचार शब्दशः वापरू शकतो. तळ्याची पातळी खाली जाते ती या पाचांपैकी कोणत्या क्रियेने, हे ठरविल्यावाचून माती आणणे किंवा प्लास्टिक अंथरणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय.

यांपैकी आटणे आणि मुरणे ही दोन वेगळी काढण्याची युक्ती अत्यंत सोपी आहे. एक बादली पाऊण भरून तळ्याच्या उथळ भागात दगडावर अशी ठेवावी की तिच्या आतील व बाहेरील पाणी जवळजवळ एका पातळीत राहील. शेजारी खुणा केलेली काठी रोवावी. पाऊस नसलेल्या आठ दिवसांत बादलीतील पाणी जितके उतरले तितके आटले. तळ्यातील पाणी त्याहून जितके अधिक उतरले तितके जमिनीने घेतले. या मुदतीत तळ्यातून पाणी उपसू नये, व जनावरांना बादलीजवळ जाऊ देऊ नये, हे सांगावयास नकोच. समजा, बादलीत दिवसाला पाच मिलिमीटर घट आली आणि तळ्यात तीस. महाराष्ट्रात शेततळ्याचे नेहमीचे माप वर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे असते आणि त्याच्या कडा एकास एक उताराच्या असतात. अशा तळ्यात २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी मावते. काठोकाठ भरलेल्या या तळ्यातून दिवसाला पंचवीस मिलिमीटर पाणी जमिनीत जात असेल तर तो आकडा बावीस हजार लिटरांच्या वर जातो. खरोखरीच्या वाळसर तळात तर याहूनही वाईट अवस्था असते.

ती इतकी वाईट का असते याचा नियम फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंता आंरी दार्सी यांनी १८५६ साली प्रसिद्ध केला. वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून त्यांनी दाखविले की, वाहणारे पाणी हे वरच्या दाबाच्या प्रमाणात वाढते, थराच्या जाडीच्या प्रमाणात घटते, आणि बाकी सारे त्या मातीच्या स्वभावावर अवलंबून असते. हा स्वभावाचा आकडाच निर्णायक आहे. बारीक वाळूतून दिवसाकाठी पाऊण-एक मीटर पाणी सहज खाली जाऊ शकते, म्हणजे तीन मीटरचे तळे तीन-चार दिवसांत कोरडे. नीट ठोकलेल्या चिकणमातीत हाच वेग वाळूच्या हजारांश किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे वाळूवर केवळ एक वीत-सव्वा वीत जाडीचा चिकणमातीचा थर चांगला बसला तर तीन मीटर पाण्याच्या दाबाखालीही तोटा दिवसाला एखाद्या मिलिमीटरपासून फार तर सेंटिमीटरपर्यंत खाली येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जाडी दुप्पट केल्याने गळती फार तर निम्मी होते, पण ठोकणी चांगली केल्याने ती दहापटींनी कमी होते. गाडीभर अधिक मातीपेक्षा एक दिवस अधिक धुम्मस हिताची.

हे ज्ञान भंडारदऱ्याच्या शेतकऱ्यास परके आहे असे समजण्याचे कारण नाही. आषाढात तो जी चिखलणी करतो ती याच शास्त्राचा प्रयोग असतो. खाचरात पाणी कोंडून, नांगर फिरवून, बैलांच्या व माणसांच्या पायांनी माती तुडविली की मातीची लहान लहान ढेकळे विरघळतात, त्यांच्यामधील मोकळ्या वाटा मोडतात, आणि पाण्यात सुटलेले अतिसूक्ष्म कण खाली बसताना उरलीसुरली छिद्रे बुजवितात. वर्षानुवर्षे नांगराच्या फाळाखाली एक घट्ट पापुद्राही तयार होतो. म्हणूनच खाचरात पाणी उभे राहते, आणि बांधापलीकडच्या वरकसात तेच पाणी पाऊस थांबताच दिसेनासे होते. भाताच्या आवणीसाठी जे करावे लागते तेच तळ्याच्या तळासाठी करावयाचे असते. इंग्लंडात अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली यांनी कालवे खणले तेव्हा त्यांचा तळ याच रीतीने चिखल तुडवून बांधला गेला, व ते तुडविण्यास गुरे हाकीत असत असे सांगतात. तेथे त्या तंत्राला नाव मिळाले आणि ते अभियंत्यांच्या पुस्तकांत गेले. अकोले तालुक्यातील कोळी आणि ठाकर शेतकऱ्यांच्या चिखलणीस तो मान मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

फरक आणखी एक आहे, आणि तो विसरल्याने पुष्कळ श्रम वाया जातात. खाचराच्या मातीत चिकण अंश मुळातच असतो. वाळसर तळात तो नसतो. ज्या मातीत बुजविणारे कणच नाहीत तिची कितीही चिखलणी केली तरी दुसऱ्या दिवशी वाळू ती वाळूच. म्हणून प्रथम माती पारखावी. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती व वर पाणी घालून जोराने हलवावी आणि ठेवून द्यावी. पहिल्या मिनिटात बसते ती वाळू, काही तासांत बसते तो पोयट्याचा अंश, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतो तो चिकण अंश. हा शेवटचा अंश पाचात एक असेल तर ती माती अस्तरासाठी चालते. याहून झटपट परीक्षा म्हणजे ओल्या मातीची वळकटी करून पाहणे. करंगळीहून बारीक वळली आणि तुटली नाही तर माती कामाची.

अशी माती आणून पसरावयाची तर किती लागते ? वर सांगितलेल्या मापाच्या तळ्याचा तळ ५७६ चौरस मीटर आणि चारी कडा मिळून सुमारे ४५८ चौरस मीटर, एकूण १०३४ चौरस मीटर क्षेत्र पाण्याखाली असते. तीस सेंटिमीटर जाडीच्या अस्तरास ३१० घनमीटर ठोकलेली माती लागेल. सुटी माती ठोकल्यावर बसते हे लक्षात घेतल्यास ट्रॅक्टरच्या सव्वाशे ते दीडशे ट्रॉल्या होतात. डोंगरी वाडीवरच्या शेतकऱ्याला हा आकडा साधा नाही. त्यातून ही माती स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या खाचरातून उचलणे म्हणजे एक भोक बुजविण्यासाठी दुसरे पाडणे होय. जुन्या बंधाऱ्यांत व तळ्यांत साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून आणणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने गाळ काढण्याच्या कामास चालनाही दिली. मात्र गाळ म्हणजे चिकणमाती नव्हे. ओढा तळ्यास मिळतो त्या तोंडाशी वाळूच बसते आणि बारीक गाळ भिंतीकडे, संथ पाण्यात बसतो. बाटलीची परीक्षा येथेही चुकवू नये.

याशिवाय एका अडचणीविषयी सहसा कोणी आधी बोलत नाही. एकास एक उताराची कडा कठीण मुरमात टिकते, प्लास्टिकही तिच्यावर अंथरता येते. परंतु मातीचे अस्तर तिच्यावर टिकत नाही, पहिल्या भरणीतच घसरून तळाशी येते. मातीचे अस्तर करावयाचे तर कडा अडीच-तीनास एक इतक्या सपाट कराव्या लागतात. तसे केले की तीस मीटरच्या चौरसात तीन मीटर खोलीचे तळे फारसे उरतच नाही. जागा तरी वाढवावी लागते किंवा खोली तरी कमी करावी लागते. म्हणजे वाळसर जमिनीत मातीने बांधलेले तळे आणि मुरमात खणलेले तळे ही दोन वेगळ्या घाटांची भांडी आहेत. एकाच साच्याने दोन्ही घडविण्याचा आग्रह हे पुष्कळ गळत्या तळ्यांचे खरे कारण असते.

प्रत्यक्ष कृती अशी. तळे कोरडे झाल्यावर तळातील दगड, मुळ्या, झुडपांची खोडे काढावीत व खड्डे बुजवावेत. तळाची माती वीतभर नांगरून भुसभुशीत करावी, म्हणजे नवा थर जुन्यास धरून बसतो. आणलेली माती पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या दोन थरांत पसरावी. ती मुठीत दाबली असता गोळा व्हावी पण हाताला पाणी लागू नये, इतकी ओल द्यावी. याहून कोरडी माती ठोकली तर आत पोकळ्या राहतात आणि याहून ओली असेल तर धुम्मस रुतते. प्रत्येक थर रुळाने किंवा धुम्मसाने निरनिराळा ठोकावा. रूळ नसेल तेथे मेंढ्यांचा वा गुरांचा कळप दोन-तीन दिवस तळात फिरविला तरी काम बऱ्यापैकी होते; किंबहुना मेंढीचा खूर लहान असल्यामुळे तो माती आत दाबतो, आणि रस्ते व धरणे बांधणाऱ्या यंत्ररुळांना जे खुंट बसविलेले असतात ते मेंढीच्या पायांवरूनच सुचले असे म्हणतात. शेवटी अस्तरावर वीतभर मुरूम पसरावा आणि ओढ्याचे पाणी तळ्यात पडते त्या जागी दगड रचावेत, नाहीतर पहिल्याच पुराच्या धारेने अस्तर खरवडून जाते.

वरचा मुरूम हा केवळ झीज रोखण्यासाठी नाही. त्याचे दुसरे काम अस्तराला उन्हापासून झाकण्याचे आहे. नगरच्या पठारावरील काळी माती अस्तरासाठी उत्तम वाटते, आणि तिच्यातील सूक्ष्म खनिज पाण्याने फुगून छिद्रे बुजविते हेही खरे. पण तीच माती उन्हाळ्यात आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उघड्या काळ्या मातीचे अस्तर केलेले तळे एकदा पूर्ण वाळले की पुढच्या पावसात ते पूर्वीपेक्षाही अधिक गळते. ज्याला बेंटोनाइट म्हणून बाजारात ओळखतात ती याच कुळातील, पण अधिक शुद्ध माती. अमेरिकेतील फोर्ट बेंटन या स्थळनामावरून तिचे नाव आले आहे; भारतात ती मुख्यतः गुजरातेत कच्छ-सौराष्ट्राकडे व राजस्थानात बाडमेरकडे सापडते. पाण्यात ती मूळ आकाराच्या आठ-दहा पटींहूनही अधिक फुगते. दर चौरस मीटरास पाच ते पंधरा किलो या प्रमाणात ती तळातील मातीत मिसळून ठोकतात; वरील तळ्यास मध्यम प्रमाण धरले तरी दहा टन लागेल. वाळसर जमिनीस हा उपाय शास्त्रदृष्ट्या सर्वांत जवळचा आहे, कारण वाळूत नेमके जे नाही ते तो पुरवितो. परंतु भंडारदऱ्याच्या वाडीपर्यंत दहा टन माल चढविण्याचे भाडे त्यात मिळविले म्हणजे उत्साह ओसरतो.

कोणी कोणी सोडा किंवा मीठ टाकण्याचा सल्ला देतात. त्यामागील तत्त्व समजून घेण्याजोगे आहे, कारण त्याचा एक प्रचंड व दुःखद प्रयोग प्रवरेच्या खोऱ्यातच झालेला आहे. मातीतील चिकण कण एकमेकांना धरून लहान गुच्छ करतात. सोडियमचा अंश वाढला की हे गुच्छ फुटतात, कण सुटे होतात व छिद्रांत जाऊन बसतात. भंडारदऱ्याच्या पाण्यावर खाली जे कालवे चालले, त्या कालव्यांतून व उसाच्या अतिरिक्त पाण्यातून जमिनीत मुरलेले पाणी वर येऊन अनेक ठिकाणी चांगल्या काळ्या जमिनी चिबड झाल्या, आणि त्यांपैकी काहींत क्षार साचून त्या चोपण बनल्या. चोपण जमिनीवर पाऊस पडला तर तो आत शिरत नाही. वर डबके करून राहतो. शेतकऱ्यास जे संकट ते तळ्यास वरदान, असा हा चमत्कार आहे. (‘चोपण’ या शब्दाचा ‘चोपणे’ या क्रियापदाशी संबंध कोणाच्याही मनात सहज येईल, परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती बांधण्याचा मोह आवरलेला बरा.) तळात चिकण अंश पुरेसा असून तो गुच्छ करून बसला असेल तरच सोड्याचा उपयोग होतो. वाळूत फुटण्यासारखे गुच्छच नसल्याने तेथे तो व्यर्थ जातो. आणि तळ्याचे पाणी पुढे पिकास द्यावयाचे असल्यास तो सोडा शेतात जाऊन धोक्याचे ठरते.

शेणाचा उपाय याहून सौम्य व अधिक विश्वासू आहे. तळावर शेण व पालापाचोळा यांचा दाट थर देऊन त्यावर माती दाबली, आणि त्यास हवा न लागेल अशी व्यवस्था केली, तर कुजण्याच्या क्रियेत जिवाणू एक चिकट बुळबुळीत द्रव्य निर्माण करतात व ते मातीची छिद्रे बंद करते. दलदलीच्या तळाशी अशीच निळसर-करडी अभेद्य माती निसर्गतः बनते. रशियन मृदाशास्त्रज्ञ विसोत्स्की यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिच्यासाठी ‘ग्ले’ हा शेतकऱ्यांच्या बोलीतील शब्द शास्त्रात आणला. आपल्याकडे सारवणाची परंपरा इतकी जुनी आहे की शेणाच्या गुणाविषयी कोणास पटवून देण्याची गरज नाही. तथापि सारवणाप्रमाणेच हा थरही पुनःपुन्हा द्यावा लागतो, आणि मोठ्या तळ्यास पुरेल इतके शेण आज कितीशा गोठ्यांत आहे ?

राहता राहिले प्लास्टिक. पाचशे मायक्रॉन जाडीचा कागद अंथरला की गळती जवळजवळ थांबते, कडा सपाट कराव्या लागत नाहीत, आणि काम चार दिवसांत उरकते. म्हणूनच गेल्या दोन दशकांत जिल्ह्याच्या डाळिंबाच्या व फळबागांच्या पट्ट्यात त्याचा प्रसार झाला. टोकदार दगड नीट न वेचल्यास, उंदीर-घुशींनी कुरतडल्यास किंवा जनावर आत उतरल्यास तो फाटतो, हे त्याचे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. दुरुस्त न होणारा दोष निराळा आहे. प्लास्टिक मुरणे थांबविते; आटणे थांबवीत नाही. पठारावर नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत दिवसाला सरासरी सहाच मिलिमीटर पाणी आटते असे धरले तरी सात महिन्यांत सव्वा मीटर उतरते. तळे वर रुंद असल्यामुळे साठ्याचा निम्म्यास थोडा कमी हिस्सा एकही थेंब न गळता नाहीसा होतो. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेले असेल तर हा तोटा सोसण्यासारखा आहे. पण जेथे विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी उपसून अशी तळी भरली जातात, तेथे सर्वांच्या पायाखालचे, उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी एकाच्या नावावर उन्हात ठेवल्यासारखे होते. जमिनीत मुरलेले पाणी गावाचे असते. प्लास्टिकवरचे पाणी सातबाऱ्याचे होते.

यावरून मूळ प्रश्नाकडे परत यावे लागते : कोणती गळती ही खरोखर गळती ? याचे उत्तर याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या राळेगणसिद्धी गावाने फार पूर्वी शोधले. भंडारदऱ्यासारखा पाऊस त्या गावाच्या स्वप्नातही नाही. तेथे शासनाने बांधलेला एक पाझर तलाव होता, आणि तो गळत होता. वरवर पाहता हे वाक्य विनोदी आहे, कारण पाझर तलाव पाझरण्यासाठीच बांधलेला असतो. परंतु भाषेने गळणे आणि पाझरणे यांत केलेला भेद येथे नुसता शाब्दिक राहात नाही. तलावाच्या तळातून खोल मुरलेले पाणी खालच्या खडकाच्या फटींतून विहिरींना मिळते. बांधाच्या बुडातून निसटलेले पाणी पलीकडच्या नाल्यात उतरून दोन-चार आठवड्यांत वाहून जाते. दोन्ही प्रकारांत तलाव रिकामाच होतो, पण एकात विहिरी भरतात आणि दुसऱ्यात भरत नाहीत. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदानातून त्या तलावाची दुरुस्ती केली, आणि तलावाखालच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले. पुढे त्या गावात जे घडले त्याची कीर्ती सर्वत्र झाली. तिचा आरंभ एका गळक्या बांधापासून झाला हे मात्र कमी वेळा सांगितले जाते.

भंडारदरा परिसरात बांध घालून केलेल्या तळ्यांना हाच विवेक लावावा लागेल. बांधाच्या पायथ्याशी पाणी दिसले तर ते प्रथम भांड्यात धरून पाहावे. स्वच्छ असेल तर धोका लांब आहे. गढूळ असेल तर पाणी बांधातील माती घेऊन बाहेर पडत आहे व आत पोकळ वाट तयार होत आहे, असे समजून तळे ताबडतोब उतरवावे. खाचरांच्या बांधांना खेकडे भोके पाडतात हे भात लावणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे, आणि आवणीनंतर बांधावरून फिरून ती बुजविण्याची चालही आहे. तळ्याच्या बांधावर तीच दक्षता कोणी घेत नाही, कारण तळे ‘योजनेचे’ असते. बांधावर झाड उगवू दिले तर त्याची मुळे कुजल्यावर पाण्यास तयार नळच मिळतो. बांधाखालची गळती वरून माती टाकून थांबत नाही. आतील बाजूस पायथ्याशी लागून कठीण थरापर्यंत चर खणून त्यात ओली चिकणमाती थराथराने ठोकून भरावी लागते. भंडारदऱ्याच्या मोठ्या धरणासही या अनुभवातून जावे लागले आहे. १९६९ साली त्या दगडी भिंतीत भेगा व मोठी गळती आढळली आणि पुढे तिचे मजबुतीकरण करण्यात आले. बावीस लाख लिटरांच्या तळ्याचे आणि अकरा अब्ज घनफुटांच्या जलाशयाचे निदान एकाच रीतीने होते : पाणी कोठून बाहेर येते, किती येते, आणि आपल्याबरोबर काय घेऊन येते.

दुरुस्तीनंतरची पहिली भरणी घाई न करता होऊ द्यावी. जेथे सांडव्याला फळ्या असतील तेथे पहिल्या पावसात त्या पुऱ्या न चढविता तळे मीटरभर भरू द्यावे, आठवडाभर काठीवरची खूण पाहावी व मग पुढचे पाणी घ्यावे. भिजत चाललेले अस्तर या मुदतीत फुगून बसते. आश्विन लागल्यावर बादलीची परीक्षा पुन्हा करावी. आणि काठीवरील आकडे जेथे लिहिले जातात त्याच वहीत तळ्याखालच्या सर्वांत जवळच्या विहिरीची पातळीही दर आठवड्यास, त्याच दिवशी, पहाटे उपसा सुरू होण्यापूर्वी लिहावी. तळे उतरताना विहीर उशिराने चढत किंवा टिकून राहात असेल, तर तळाला आणखी माती लावण्याची घाई करू नये. तळे उतरत असून विहीरही उतरत असेल, तर कुदळ घेऊन बांधाच्या पायथ्याशी जावे.